तारीख नसलेली वाक्यं

'नवरा गेला' असं मी फळ्यावर लिहिलं आणि समोर बसलेल्या चौघींनी एकदम जिभा चावल्या.

"बाई, आधी पुसा ते," इंदूवहिनी म्हणाल्या. "भरल्या घरातनं आलोय आम्ही."

मी पुसलं नाही. शेजारी 'नवरा गेलाय' असं लिहिलं आणि या दोन्हींत फरक काय ते सांगा म्हटलं. इंग्रजीतला साधा भूतकाळ कधी वापरायचा आणि पूर्ण वर्तमानकाळ कधी, हे मी दोन आठवडे समजावत होते. व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलं होतं की दुसऱ्या प्रकारात क्रियेचा संबंध वर्तमानाशी पोहोचतो. हे वाक्य मी रोज वाचून दाखवत होते आणि ते कुणाच्याही डोक्यात शिरत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या. उत्तर आलं ते दाराजवळून. तिथे तानूमावशी भिंतीला टेकून वाती वळत बसायच्या. त्या विद्यार्थिनी नव्हत्या, सुनेची सोबत म्हणून यायच्या.

"पयल्यात काम संपलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दुसऱ्यात वाट बघायची."

पुढे निवृत्त होईपर्यंत चोवीस वर्षं मी हे दोन काळ याच वाक्यावर शिकवले. शाबासकी घेतली ती मी. ज्यांचं वाक्य होतं, त्यांचं नाव कधी सांगितलं नाही.

गाव विट्याकडचं. सोनंचांदी गाळून शुद्ध करायचा गलाईचा धंदा आमच्याकडच्या माणसांनी देशभर नेलेला, त्यामुळे गावातली निम्मी कर्ती माणसं गावात नसायची. कुणी कोचीला, कुणी कटकला, आणि आमच्या आळीचे बहुतेक तिकडे तमिळनाडूत, सेलमला. लग्न करून बायको घरी ठेवायची, जम बसला की खोली घ्यायची, मग तिला बोलवून घ्यायचं, अशी रीत. बोलावणं येईपर्यंत कुणाचे सहा महिने जात, कुणाची सहा वर्षं. गेलेल्या बायकांची पत्रं यायची की इथे मराठी चालत नाही, हिंदीही चालत नाही, मीठ मागायला सुद्धा हातवारे करावे लागतात, थोडं इंग्रजी असतं तर बरं झालं असतं. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. सकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि दुपारी घरात एकटीच असायचे. दोन ते साडेतीन असा वर्ग मी घरातच सुरू केला, तो चौऱ्यांशी सालच्या आषाढात.

माणसांची मोजदाद ठेवायची मला खोड आहे. कोण किती बोलतं, कोण किती लपवतं, हे मी मनात मांडत असते. त्या चौघींत सगळ्यात जास्त बोलायच्या इंदूवहिनी. चाळिशीच्या, तीन मुलांच्या आई, लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर आता सेलमला निघायच्या तयारीत. सगळ्यात कमी बोलायची जयमाला साळुंखे. एकवीस वर्षांची, दहावी पास, अक्षर मोत्यासारखं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. नवरा हणमंत सेलमला, घरात ती आणि सासू तानूमावशी, दोघीच. उरलेल्या दोघी वर्गात झोपा काढायच्या, त्यामुळे त्यांना या गोष्टीत काम नाही.

'राम आंबा खातो' असल्या वाक्यांवर या बायका जांभया देतात हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी एक नियम केला. रोज चार वाक्यं लिहून आणायची, आणि ती खरी पाहिजेत, आपल्या घरातली पाहिजेत. दोन तारीख असलेली, म्हणजे साध्या भूतकाळातली. दोन तारीख नसलेली, म्हणजे झालंय पण अजून संपलेलं नाही अशी. याने वर्गात जीव आला. इंदूवहिनींनी पहिल्याच दिवशी लिहिलं की माझी सासू एकोणीसशे बहात्तर साली माझ्याशी भांडली, ती अजून थांबलेली नाही. दोन्ही काळ चोख. मी त्यांना दहापैकी दहा दिले.

दुसरा नियम माझ्या आळशीपणाचा. वह्या गोळा करून मी वरवर चाळायचे आणि एकीची दुसरीला द्यायचे. तिने ती घरी नेऊन तपासायची, चुकांखाली रेघ मारून दुसऱ्या दिवशी आणायची. शाळेत मुलांचे पेपर तपासून डोळे दुखायचे, इथे फुकटचं काम कोण करणार. शिवाय दुसऱ्याची चूक शोधताना माणूस जास्त मन लावून वाचतं, असं मी त्यांना पटवून दिलं होतं.

पहिल्या आठवड्यातच जयमाला वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळली. सासू पायरीवर चपला घालत होती तेवढ्यात हळूच म्हणाली, "बाई, माझी वही तुम्हीच तपासत जा. दुसऱ्या कुणाला देऊ नका." का म्हणून मी विचारलं नाही. वही उघडल्यावर कळलं. तारीख असलेलं वाक्य होतं, माझ्या नवऱ्याने चौदा जानेवारीला मला पत्र लिहिलं. तारीख नसलेलं होतं, त्यानंतर त्यांनी लिहिलेलं नाही. खरी वाक्यं मागणारी मीच, आता वाचणारीही मीच. मी दोन्हींपुढे बरोबरची खूण केली. दुसरं काय करता येतं वहीत.

बाहेर मात्र ती पत्रं येतात असंच सांगायची. कुणी विचारलं तर बरे आहेत म्हणायची आणि पदर सारखा करायची.

तानूमावशींशी माझं जमलं ते ताकावरून. त्या रोज येताना माझ्यासाठी तांब्याभर ताक आणायच्या आणि मी ते पूर्ण पिईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. मी लग्न केलेलं नव्हतं याची त्यांना मोठी गंमत वाटायची. नवऱ्याची वाक्यं शिकवणारी बिननवऱ्याची बाई, असं म्हणून त्या मला चिडवायच्या, आणि मी चिडले नाही की निराश व्हायच्या. हणमंत चार वर्षांचा असताना त्यांचा नवरा वारला होता. मुलगा सोळाव्या वर्षी सेलमला गेला. तेव्हापासून जयमाला येईपर्यंत नऊ वर्षं त्या घरात एकट्या राहिल्या होत्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कसं, तर म्हणाल्या, त्या नऊ वर्सात म्या भाकरी थापताना मोठ्यानं बोलायची, नायतर आवाज बसला असता.

वर्ग सुटून त्या गेल्या की माझंही घर फार गप्प व्हायचं. त्याची तेव्हा मी नोंद घेतली नव्हती.

भाद्रपदात, गणपती बसल्यावर तीन दिवसांनी, सोमवारी इंदूवहिनी खुशीत आल्या. वही माझ्या हातात देत म्हणाल्या, "आज आमच्या बापूभावजींवर लिहिलंय. काल आले ना ते."

बापू हा त्यांचा दीर. सेलम आणि गाव यांच्यात दर तीन-चार आठवड्यांनी त्याची खेप असायची. तिकडच्या माणसांची पत्रं, कापडं, निरोप तो घेऊन यायचा आणि इकडची तिकडे न्यायचा. टपालाने पत्र पाठवायला पत्ता इंग्रजीत लागायचा, पोचेल याचा भरवसा नसायचा. बापूच्या हातातलं पत्र मात्र घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात पडायचं. सुनेच्या नावाचं असलं तरी सासूच्या हातात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पत्र सासूकडून सुनेकडे जाणार हे ठरलेलंच होतं.

मी वही चाळली. इंदूवहिनींनी लिहिलं होतं: बापू रविवारी आला. त्याने माझ्यासाठी पातळ आणलं. मी ते अजून नेसलेलं नाही. आणि चौथं वाक्य, तारीख नसलेलं: त्याने जयमालाच्या नवऱ्याची आत्तापर्यंत नऊ पत्रं आणली आहेत.

नऊ. इंग्रजीत अक्षरी लिहिलं होतं, आणि स्पेलिंगही बरोबर.

मी वाचता वाचता दाराकडे बघितलं. तानूमावशी वाती वळत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

त्या दिवशी इंदूवहिनींची वही जयमालाकडे जायची पाळी होती. ती हात पुढे करून बसलीही होती. मी दुसरीच वही तिच्या हातात दिली आणि इंदूवहिनींची माझ्या पेपरांच्या टोपलीखाली सरकवली. तुमच्या चुका फार होतायत, तुमची मीच तपासते, असं त्यांना सांगितलं आणि लिहायला नवी वही दिली. दहापैकी दहा घेणारी बाई ती, तिचं तोंड एवढंसं झालं. साडेतीन वाजेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी मनाशी म्हटलं, घरातल्या गोष्टीत शिकवणारीने पडू नये. मी म्हटलं, सासूला तोंडघशी पाडलं तर सून तरी सुखी होईल का. मी हेही म्हटलं, की चार बायका कशाबशा शिकायला लागल्यात, वर्ग मोडेल. तीनही कारणं चांगली होती, आणि ती मी रोज दुपारी एकानंतर पुन्हा एकदा तपासून बघायचे, कारण दोन वाजता तानूमावशी ताक घेऊन यायच्या.

असे दहा दिवस गेले. गणपती गेले. पौर्णिमा झाली. बापू आठ दिवस राहून सेलमला परतला, सगळ्यांचे निरोप घेऊन. जयमालाने त्याच्याकडे काही दिलं नाही.

पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, गुरुवारी, जयमाला वर्गात आली ती वही न घेता. बसायच्या आधीच म्हणाली की उद्यापासून मी येणार नाही, परवा माझे वडील मला न्यायला येणार आहेत.

"पाच दिस ऱ्हाईल आन येईल," तानूमावशी घाईने म्हणाल्या.

"आत्याबाई, मी यायची नाही," जयमाला म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची, आमच्याकडे म्हणतात तसं. आवाज तिने चढवला नाही. वडिलांना पत्र लिहून तिनेच कळवलं होतं, हे पुढच्या वाक्यात कळलं. ज्या माणसाला आठ-नऊ महिन्यांत दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत त्याच्या घरी मी कशाची वाट बघत बसू, आणि हे इंग्रजी कुणासाठी शिकू. एवढं सलग ती माझ्या वर्गात पहिल्यांदाच बोलली, आणि तेही मराठीत.

इंदूवहिनींना काही कळेना. "अगं पण," त्यांनी सुरुवात केली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांना तेव्हा टोपलीखालच्या वहीचा उलगडा झाला.

तानूमावशींचे हात आता थांबले होते.

मी उठले. टोपली उचलून इंदूवहिनींची वही काढली, ते पान उघडलं आणि जयमालाच्या हातात दिलं. तिने इंग्रजीत वाचलं, ओठ हलवत. चौथ्या वाक्यावर आली आणि ते मोठ्याने वाचलं, शब्द शब्द सुटा करून. बापू, हॅज, ब्रॉट, नाइन, लेटर्स.

"काय म्हंती ती?" तानूमावशींनी मला विचारलं. वर्गात दोन महिने बसून त्यांना पुष्कळ कळायला लागलं होतं. मला शंका आहे की हेही कळलं असावं. पण त्यांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसल्या.

मी सांगितलं. बापूने हणमंतची नऊ पत्रं आणली आहेत.

त्या उठल्या, मांडीवरच्या वाती पदरात घेतल्या आणि घरी गेल्या. आम्ही सगळ्या तशाच बसून राहिलो. झोपा काढणाऱ्या दोघीही जाग्या होत्या. पंधरा-वीस मिनिटांनी तानूमावशी परत आल्या, हातात जुन्या खणाच्या कापडात बांधलेली चळत घेऊन. ती त्यांनी जयमालापुढे ठेवली.

"नऊ त्येची, दोन तुजी. मोजून घे," त्या म्हणाल्या. "फोडलं एकबी न्हाई."

जयमालाने नवऱ्याला लिहिलेली दोन पत्रंही त्यात होती. बापूकडे द्या म्हणून तिने सासूकडेच दिली होती.

"फोडली का नाहीत?" मी विचारलं. किती मूर्खपणाचा प्रश्न, पण तोच आला तोंडात.

"वाचाय येत न्हाई म्हनून न्हवं. दुसऱ्याचं पत्र कसं फोडायचं?" मावशी म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि जे सांगितलं ते सुनेकडे न बघता, माझ्या फळ्याकडे बघून सांगितलं. माघ महिन्यात बापू पत्र देताना सहज बोलला होता की हणमंता आता खोली बघतोय. खोली म्हणजे बोलावणं. त्यांना वाटलं, हे एक पत्र आठ दिवस उशिरा दिलं तर काय बिघडलं, आठ दिवस तरी पोर राहील. मग दुसरं आलं. आता पहिलं न देता दुसरं कसं द्यायचं. मग तिसरं.

जयमालाने पहिल्या पत्राची घडी नखाने सोडवली, गोंद कडक झाला होता. वाचलं, बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिसऱ्या पत्राला ती थांबली, पुन्हा पहिलं हातात घेतलं, पुन्हा तिसरं. मग सासूकडे बघितलं, बराच वेळ, आणि पहिलं पत्र मोठ्याने वाचायला लागली.

मायना, ख्यालीखुशाली, भट्टीवरचं काम. आणि मग असं: खोली बघतोय, दोन चुली मांडता येतील एवढी जागा पाहिजे, कारण आईला सोडून यायचं नाही. मी आईला सांगितलं तर ती ऐकणार नाही, गाव सोडायचं नाव काढलं की उठून जाते. तुझं ऐकेल. तू विषय हळू काढ, तिच्या कलानं घे, आणि तिला घेऊन ये.

तिसऱ्यात, आईपुढे विषय काढलास का. पाचव्यात, आईला सांग इथे देऊळ जवळ आहे, आणि बाजारात ज्वारी मिळते, मी चौकशी केली. सातव्यात, खोली मिळाली, मागे तुळस लावता येईल. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच एक वाक्य होतं, कधी वर, कधी सहीच्या खाली आठवण झाल्यासारखं लिहिलेलं. आईला एकटी ठेवू नकोस.

तानूमावशी ऐकत होत्या. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. एखाद्याने आपल्याला हाक मारावी आणि आपण मागे बघावं की दुसऱ्याच कुणाला मारली असेल, तसं त्यांनी एकदा मागे भिंतीकडे वळून बघितलं.

"पुन्ना वाच," त्या म्हणाल्या. "ज्वारीचं."

जयमालाने पुन्हा वाचलं.

नववं पत्र सगळ्यात लहान होतं. घरमालक पौर्णिमेपर्यंत थांबतो म्हणाला आहे, त्यानंतर तो खोली दुसऱ्याला देणार. तोवर तुझा होकार आला नाही तर तुम्हा दोघींच्या मनात यायचं नाही असं मी समजेन. मग पुन्हा विचारणार नाही.

पौर्णिमा मंगळवारी झाली होती. आज गुरुवार. वही माझ्या हातात आली तो सोमवार आणि पौर्णिमा यांच्यात आठ दिवस होते, आणि विट्याहून सेलमला तार दुसऱ्या दिवशी पोचायची. हा हिशेब करायला मला पेन्सिल लागली नाही. तो मी तिथेच, फळ्यासमोर उभी राहून केला, आणि कुणाला सांगितला नाही.

तार त्याच दिवशी केली. इंग्रजीत मी लिहिली, माझ्या हाताने, दोघी येत आहोत म्हणून. जयमालाने वडिलांना निरोप पाठवला की येऊ नका. हणमंतचं उत्तर आलं ते टपालाने, पत्ता एका तिकडच्या कारकुनाकडून लिहून घेतलेला. आनंदाने अक्षर वेडंवाकडं झालं होतं. पण खोली गेली होती. भट्टीच्या वरचा माळा रिकामा होता, तिथे दोघं कशीबशी राहू शकतील, तिसऱ्याला पाय पसरायला जागा नाही. दुसरी खोली बघतो, पण या शहरात आपल्या माणसाला खोली मिळायला वर्ष लागतं. तोवर सगळीच थांबूया का, असं त्याने विचारलं होतं.

तानूमावशींनी पत्र दोनदा ऐकलं. मग सुनेला म्हणाल्या की तू जा.

जयमाला नाही म्हणाली. दोन दिवस म्हणत राहिली. मला वाटलं होतं की पत्रांवरून घरात मोठं रणकंदन होईल, ते झालं नाही. झालं ते हे भांडण, कोणी मागे राहायचं यावरून. शेवटी मावशींनी तिला सांगितलं की आठ म्हैने म्या तुला ठिवून घेतलं, आता वरीसभर मी ऱ्हाते, आपलं फिटलं. जयमाला तेव्हा रडली. त्याआधी नाही.

दसऱ्यानंतरच्या खेपेला बापूबरोबर दोघी निघाल्या, इंदूवहिनी आणि जयमाला. विट्याच्या स्टँडवर मी गेले होते. इंदूवहिनींनी कंडक्टरशी इंग्रजीत बोलून बघितलं. त्याने मराठीत उत्तर दिलं म्हणून त्या रागावल्या. जयमालाने सासूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. गाडी हलली तेव्हा मावशी हात वर करून उभ्या होत्या. गाडी वळली तरी हात तसाच.

परत येताना आम्ही दोघीच होतो. उन्हाचे चटके बसत होते, त्या माझ्यापुढे दोन पावलं चालत होत्या. मी बरेच दिवस घोकलेलं वाक्य शेवटी बोलले. "मावशी, ती वही मी दहा दिवस दाबून ठेवली होती. वेळेवर दिली असती तर खोली गेली नसती. तुम्ही आज गाडीत असता."

त्या थांबल्या नाहीत, मागेही बघितलं नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "इंदीनं बापूवर लिवलं म्हनली. तुमी वाचलं, माज्याकडं बघितलं आन वही टोपलीखाली घातली. म्या बघत हुती की."

थोडं पुढे गेल्यावर त्याच म्हणाल्या, "त्या राती म्या पत्रं काढून ठिवली हुती उशाला. सकाळी देऊन टाकायची म्हनून. मग वाटलं, एवढी शिकल्याली बाई झाकतीया, म्हंजी झाकन्यासारखंच आसंल."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्वारीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या. आता मला माझं चौथं कारण सांगणं भाग होतं, जे मी दहा दिवसांत एकदाही तपासून बघितलं नव्हतं. मी सांगितलं, की जयमाला गेली असती तर दुपारी तुम्ही माझ्याकडे आला नसता.

यावर मात्र त्या थांबल्या. वळून माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, जणू त्या मला पहिल्यांदाच बघत होत्या.

"आगं माजे बाई," त्या म्हणाल्या. तोवर त्या मला अहो-जाहो करायच्या.

तिथून घरापर्यंत त्या माझ्या बरोबरीने चालल्या.

पुढच्या सोमवारी वर्ग नव्हता. चौघींतल्या दोघी सेलमला पोचल्या होत्या आणि उरलेल्या दोघींना घरी झोप जास्त चांगली लागत होती. मी दार लोटून पेपर तपासत होते. दोन वाजता तानूमावशी आल्या. ताक आणलं होतं. मी पिईपर्यंत उभ्या राहिल्या, मग फळ्यासमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या की मला अक्षरं शिकव. इंग्रजी नको, आपली.

मी म्हटलं, हणमंतची आणि जयमालाची पत्रं आली की मी वाचून दाखवीन, रोज म्हणाल तर रोज. या वयात कशाला डोळे शिणवता.

"तू नगं," त्या म्हणाल्या. "तुजी माया हाय माज्यावर. तू वाचताना गाळशील."

मी खडू उचलला आणि फळ्यावर 'आ' काढला, आणि त्यापुढे 'ई'.